३.६ आणि त्यापुढे

२०२१ च्या दिवाळीआधी एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या मुलाचा फोन आला. "सर, मुदत ठेवीच्या पावतीवर आकड्यात ६९,००० आलंय आणि खाली अक्षरी रुपये एकोणऐंशी हजार फक्त. कॅशिअर मॅडमनी पावती देता देता वाचली म्हणून सापडलं."

ही चूक मला माहीत होती, कारण ती माझीच होती. २०१४ पासून मी पायथनमध्ये एक छोटं पॅकेज सांभाळतो. रक्कम आकड्यांत द्यायची, ते मराठी अक्षरांत करून देतं. काम किरकोळ वाटेल, पण मराठीत शंभरपर्यंतचे शब्द नियमाने तयार होत नाहीत. इंग्रजीत वीसच्या पुढे जोडून काम भागतं. आपल्याकडे बावन्न, त्रेपन्न, चोपन्न, प्रत्येकाचं रूप वेगळं. म्हणून सगळा तक्ता हाताने लिहावा लागतो. एकदा हा तक्ता नीट मांडताना माझ्याकडून ६९ आणि ७९ चे शब्द एकमेकांच्या जागी गेले. पुढच्या एक-दोन आवृत्त्यांत ते तसंच राहिलं. आकडा आणि अक्षर यांत फरक पडला तर धनादेशाच्या बाबतीत निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्टचं कलम १८ अक्षरांतली रक्कम खरी धरतं. १८८१ चा कायदा आहे तो. पावती म्हणजे धनादेश नव्हे, पण लोक अक्षरांवर विश्वास ठेवतात तो उगाच नाही.

मी त्याला म्हटलं, "अरे, ही चूक मी उन्हाळ्यातच काढली. २.३ आवृत्ती टाक." तो म्हणाला, "सर, मी पाच दिवसांपूर्वीच नव्या मशीनवर ताजं इन्स्टॉल केलंय. २.२ आली."

पंधरा मिनिटं मला काही सुचेना. नवं मशीन, नवं पायथन, पिपला, म्हणजे पॅकेजं इन्स्टॉल करणाऱ्या साधनाला, फक्त पॅकेजचं नाव सांगितलेलं, आणि तरी जुनी आवृत्ती? मग त्याला विचारलं, पायथन कोणतं? ३.१०. त्या महिन्याच्या ४ तारखेला आलेलं. तेव्हा उलगडा झाला. आणि उलगडा झाल्यावर जास्त वाईट वाटलं, कारण या वेळी मी निष्काळजीपणा केलेला नव्हता. काळजी घेतली होती.

झालं होतं असं. ३.१० मध्ये काही जुन्या सोयी काढून टाकणार हे आधीच जाहीर होतं. 'मॅपिंग' सारखे वर्ग 'कलेक्शन्स' मधून थेट मागवण्याची पद्धत बंद होणार होती, ते 'कलेक्शन्स.एबीसी' मधून घ्यायचे. मी ज्या एका पॅकेजवर अवलंबून होतो ते अजून जुन्या पद्धतीने मागवत होतं. म्हणून २.३ प्रसिद्ध करताना मी चालणाऱ्या पायथनच्या ओळीत लिहिलं: ३.६ किंवा वरचं, पण ३.१० च्या खालचं. मनात हेतू साधा होता. ज्यावर तपासलं नाही त्याचा दावा कशाला करायचा? ते मला प्रामाणिकपणाचं वाटलं.

पिप मात्र ती ओळ प्रामाणिकपणा म्हणून वाचत नाही. तो नव्याकडून जुन्याकडे एकेक आवृत्ती पाहत जातो. २.३ म्हणते ३.१० नको, तर ती सोडून दे. पुढे २.२. तिच्या ओळीत वरची मर्यादाच नाही, कारण ती लिहिली तेव्हा मला मर्यादा सुचलीच नव्हती. मग ही चालेल. घे. इशारा नाही, तक्रार नाही. ज्या दुसऱ्या पॅकेजची मला भीती होती त्याच्या लोकांनी मधल्या काळात दुरुस्ती करून टाकली होती, त्यामुळे २.२ सुरळीत चालली आणि पावत्या छापत राहिली. फुटली असती तर बरं झालं असतं.

इतकी वर्षं मी समजत होतो की ही ओळ म्हणजे माझ्या कोडबद्दलचं विधान आहे. प्रत्यक्षात ती परक्या मशीनला दिलेली सूचना आहे, आणि ती अमलात येते तेव्हा मी तिथे नसतो. त्या सूचनेत 'माहीत नाही' म्हणायला जागा नाही. 'चालेल' किंवा 'घेऊ नकोस', एवढंच. मी 'तपासलेलं नाही' असं म्हणायला गेलो आणि मशीनने 'घेऊ नकोस, त्यापेक्षा जुनी घे' असं ऐकलं.

ही ओळ मी पहिल्यांदा लिहिली त्याआधीचा प्रसंग सांगायला हवा, कारण ती लिहायला शिकलोच मुळी मार खाऊन.

२०१७ साली मी पायथन २ चा आधार सोडायचं ठरवलं. त्या एप्रिलमध्ये आयपायथनने सहावी आवृत्ती फक्त पायथन ३ साठी काढली होती, त्यामुळे मलाही धीर आला. ३.६ मधल्या एफ-स्ट्रिंग मला फार आवडल्या होत्या. दोन-तीन रात्री बसून कोड सुटसुटीत केला आणि १.४ आवृत्ती प्रसिद्ध केली. पॅकेजच्या माहितीत वर्गीकरणाच्या पाट्या असतात, 'पायथन :: ३.६' अशा. त्यांतली २.७ ची पाटी काढली आणि माझ्या मते काम झालं.

दुसऱ्या दिवसापासून २.७ वाल्यांच्या तक्रारी सुरू. इन्स्टॉल बिनबोभाट होतंय, पण मागवायला गेलं की पहिल्याच एफ-स्ट्रिंगवर सिंटॅक्स एरर. पाट्या माणसांसाठी असतात, पिप त्या वाचत नाही, हे मला तेव्हा कळलं. पिप वाचतो ती वेगळी नोंद, 'रिक्वायर्स-पायथन'. आणि माझ्याकडे ती नव्हतीच. त्यावर कहर म्हणजे जुन्या सेटिंगच्या फाइलीत 'युनिव्हर्सल' ही खूण तशीच राहिली होती, त्यामुळे व्हीलच्या, म्हणजे बांधून तयार असलेल्या पॅकेजच्या फाइलीच्या, नावातच 'पाय२.पाय३' असं छापलं गेलं. पायथन २ वर चालतं असं मीच नावात लिहून दिलं होतं.

या नोंदीचा इतिहास मला तेव्हा वाचायला मिळाला आणि अजूनही आठवतो. तिची कल्पना २००५ साली लिहिलेल्या पेप ३४५ या पायथनच्या प्रस्तावात आहे. सेटअपटूल्समधून ती सहज लिहिता येऊ लागली २०१६ च्या जुलैत, आणि पिप तिच्याकडे लक्ष देऊ लागला नवव्या आवृत्तीपासून, त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात. म्हणजे लिहायची जागा ठरल्यापासून ती वाचणारा यायला अकरा वर्षं. इतर भाषांतही हा प्रवास असाच सावकाश आहे. रस्टच्या कार्गोमध्ये किमान रस्ट आवृत्तीची अधिकृत जागा २०२१ मध्ये आली. एनपीएममध्ये 'इंजिन्स' लिहिता येतं, पण वेगळी सेटिंग केल्याशिवाय तो फक्त इशारा देतो, अडवत नाही.

असो. मी घाईने १.४.१ काढली. नोंद घातली, ३.६ किंवा वरचं. आता २.७ वाल्यांना १.३ मिळेल असं वाटलं. मिळाली १.४. कारण उघड आहे, पण मला ते अर्ध्या दिवसाने कळलं: १.४.१ ला अट आहे म्हणून पिप ती सोडतो आणि तिच्या खालची पहिली बिनअटीची आवृत्ती घेतो, आणि ती नेमकी १.४, मोडकी. १.४ ची नोंद मागाहून सुधारता येत नाही. पायथन पॅकेज इंडेक्सवर एकदा चढवलेली फाइल त्याच नावाने पुन्हा चढवता येत नाही. शेवटी मी १.४ पुसून टाकली. मग ज्यांनी पायथन ३ वर नेमकी १.४ च हवी म्हणून लिहून ठेवलं होतं त्यांचं बिल्ड बंद पडलं. त्यांतल्या एकाने फार सभ्य शब्दांत लिहिलं की तुमच्या चुकीची भरपाई आम्ही का करायची. त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आवृत्ती न पुसता फक्त मागे घेण्याची, म्हणजे यँक करण्याची, सोय काही वर्षांनी आली. तिच्यात नवीन माणसाला ती आवृत्ती मिळत नाही, पण नाव घेऊन मागणाऱ्याला मिळते. ही सोय आखणाऱ्यांनी माझ्यासारखे किती प्रसंग पाहिले असतील!

तरी एक प्रश्न उरला होता. उबुंटू १६.०४ बरोबर येणारा पिप ८.१.१ होता, त्याला ही नोंद कळतच नव्हती. म्हणून 'सेटअप' च्या फाइलीत मी वर तीन ओळी लिहिल्या: पायथन ३.६ पेक्षा जुनं असेल तर थांब आणि नीट समजेल असा संदेश दे. मराठी आणि इंग्रजी दोन्हींत. त्या ओळी लिहून मला समाधान वाटलं होतं, की अडवायचंच तर निदान कारण सांगून अडवतोय.

आता पुन्हा २०२१. पतसंस्थेच्या फोननंतर त्याच संध्याकाळी मी २.३.१ काढली, वरची मर्यादा काढून. २.१ आणि २.२ यँक केल्या. ज्या आवृत्त्यांत पैशाचे शब्द चुकत होते त्या चूक सापडली त्याच दिवशी मागे घ्यायला हव्या होत्या; 'नवी आवृत्ती आलीये, लोक घेतील' असं धरून मी बसलो होतो. पतसंस्थेतल्या मुलाला कळवलं. त्याने जुन्या पावत्या तपासल्या. पाच दिवसांतली ६९ ची एकच निघाली, तीच जी मॅडमनी पकडली होती.

आणि आठवडा संपायच्या आत एका लिनक्स वितरणासाठी पॅकेज बांधणाऱ्या माणसाचा निरोप आला. तो व्हील वापरत नाही, मूळ सोर्सवरून बांधतो. ३.१० वर बांधायला गेला तर माझाच मराठी संदेश: पायथन ३.६ किंवा त्यापुढचं लागेल.

२०१७ च्या त्या तीन ओळींत मी पायथनच्या आवृत्तीच्या मजकुराची पहिली तीन अक्षरं घेऊन तुलना केली होती. '३.६', '३.७', '३.८', '३.९' पर्यंत ठीक. '३.१०' ची पहिली तीन अक्षरं '३.१'. आणि ३.१ म्हणजे ३.६ च्या खालचं. व्हील वापरणाऱ्यांच्या वाटेत ती फाइल येतच नाही, म्हणून मला पत्ता नव्हता. पायथन आवृत्तीचे आकडे सुटे करून देतं, त्यांची तुलना करायची असते, हे मला २०१७ मध्येही ठाऊक होतं. छोटं लिहून होतंय म्हणून तसं लिहिलं. त्याच दिवशी, कोणकोणत्या पायथनवर चाचण्या चालवायच्या त्या तपासणीच्या यादीत ३.१० घातलं तर तिथेही तेच. यादीची यामल फाइल अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेल्या ३.१० ला अपूर्णांक समजते आणि शेवटचं शून्य गाळते. यंत्र ३.१ शोधत बसलं. आवृत्ती ही संख्या नाही, ते नाव आहे. नऊनंतर दहा येईल तेव्हा काय होईल हे २०१७ मध्ये मी मनातही आणलं नव्हतं.

वरच्या मर्यादेचा आणखी एक परिणाम मला त्या हिवाळ्यात एका मुलीने समजावून दिला. २.३.१ येण्याआधी ती पोएट्री हे साधन वापरून प्रकल्प बांधत होती. पोएट्री तिच्या प्रकल्पासाठी आपणहून '३.८ ते ४ च्या आत' अशी व्याप्ती लिहून देते, आणि मग त्या सगळ्या व्याप्तीत चालेल अशीच आवृत्ती प्रत्येक पॅकेजची शोधते. माझी २.३ '३.१० च्या आत' म्हणत होती, म्हणून तिलाही २.२ दिली गेली. २.३ हवी तर तिला स्वतःच्या प्रकल्पावर तीच मर्यादा घालावी लागणार होती. तिचा प्रकल्प म्हणजे दुसऱ्यांनी वापरायचं पॅकेज. मग त्यांनीही घालायची. मी एका ओळीत घातलेली भीती माझ्या ओळखीपाळखीच्या नसलेल्या लोकांच्या फाइलींत उतरत चालली होती.

वरची मर्यादा कधीच घालू नये असं मी म्हणणार नाही. नंबासारखं पॅकेज पायथनच्या बाइटकोडवर काम करतं, तो दर आवृत्तीला बदलतो. तिथे 'पुढच्यावर चालणार नाही' हे अनुमान नसतं, माहिती असते. माझ्यासारख्या शुद्ध पायथनमधल्या शंभर शब्दांच्या तक्त्याला ती माहिती नसते. खालची बाजू मी तपासू शकतो, ते पायथन अस्तित्वात आहे. वरची बाजू अजून जन्मायची आहे. म्हणून आता वरची बाजू मोकळी ठेवतो आणि 'कशावर तपासलंय' हे पाट्यांत लिहितो. ३.१३ ची पाटी नाही याचा अर्थ तपासलं नाही, इतकाच. माणूस वाचतो, पिप वाचत नाही, आणि इथे मला तेच हवं असतं.

खालची बाजूही मी नेहमी नीट सांभाळली असं नाही. २०२२ च्या शेवटी तपासणी जिथे चालते तिथली यंत्रं नव्या उबुंटूवर गेली आणि ३.६ साठीचं काम लाल दिसू लागलं, कारण तिथे ३.६ मिळेनासं झालं. ३.६ चा अधिकृत आधार २०२१ च्या डिसेंबरातच संपला होता. मी यादीतून ३.६ काढलं, सगळं हिरवं झालं, आणि झोपलो. नोंदीत '३.६ किंवा वरचं' तसंच राहिलं. पुढच्या महिन्यात टाइप-हिंटसाठी ३.७ मध्ये आलेली एक ओळ वापरली. ती ३.६ ला माहीतच नाही. रेड हॅट ८ जातीच्या सर्व्हरवर मूळचं पायथन ३.६ च असतं आणि ते सर्व्हर अजून कितीतरी वर्षं चालणार आहेत. तिथून तक्रार आली ती एका रुग्णालयाच्या बिलिंगमधून. सकाळचे दोन तास त्यांची बिलं अक्षरांशिवाय गेली. तेव्हापासून तपासणीतली सगळ्यांत खालची आवृत्ती आणि नोंदीतली सगळ्यांत खालची आवृत्ती एकच आहे ना, हे बघणारी एक छोटी चाचणीच लिहून ठेवली आहे. एक बदलली आणि दुसरी राहिली तर रिलीज होत नाही.

मग प्रश्न येतो जुनं कधी सोडायचं हा. पायथन दर ऑक्टोबरला नवी आवृत्ती काढतं आणि प्रत्येकीला पाच वर्षं सांभाळतं. नंपायने २०१९ मध्ये ४२ महिन्यांचा नियम ठरवला. वैज्ञानिक पॅकेजांच्या गटाने पुढे तीन वर्षांवर आणला. त्यांचं कारण मला पटतं, त्यांच्याकडे प्रत्येक आवृत्तीसाठी बांधून ठेवायचं ओझं प्रचंड आहे. माझं ओझं तेवढं नाही. मी पाच वर्षांच्या मुदतीबरोबर जातो.

२०२४ च्या ऑक्टोबरात ३.८ ची मुदत संपत होती. मी किमान पायथन ३.९ करण्याची तयारी चालवल्याचं वाचून तालुक्याच्या गावातल्या एका महाविद्यालयातल्या वाणिज्य विभागाच्या मॅडमनी लिहिलं. त्या विद्यार्थ्यांना पावत्या, व्हाउचर छापायचा छोटा प्रोग्राम करून घेतात, माझ्या पॅकेजवर. "सर, आमच्या लॅबमधली मशीनं विंडोज ७ ची आहेत. त्यावर ३.८ च्या पुढचं पायथन बसतच नाही. आमच्या मुलांचं काय?"

त्यांचं म्हणणं अगदी खरं होतं. विंडोज ७ वर चालणारं शेवटचं पायथन ३.८. दोन दिवस मी त्या पत्राला उत्तर दिलं नाही. ३.८ चालू ठेवू का, असं मनात आलं. मग २०१७ चा घोळ आठवला आणि तो उलटा करून पाहिला. तेव्हा २.७ वाल्यांना पिप मोडकी १.४ देत होता कारण तिच्यावर अट नव्हती. आता १.४.१ पासूनच्या माझ्या प्रत्येक आवृत्तीवर खालची अट आहे. मी '३.९ किंवा वरचं' लिहिलं की ३.८ वाल्यांचा पिप आपोआप खाली उतरेल आणि शेवटच्या चालणाऱ्या आवृत्तीवर थांबेल. ती शेवटची आवृत्ती चांगली असली पाहिजे, एवढंच माझ्या हातात होतं.

म्हणून आधार सोडण्याआधी सहा आठवडे मी नवीन काहीच लिहिलं नाही. ३.८ साठी जेवढ्या ज्ञात चुका होत्या त्या काढल्या, अवलंबून असलेल्या पॅकेजांच्याही ३.८ वर चालणाऱ्या आवृत्त्या तपासल्या, आणि २.९.४ काढली. त्यानंतर पॅकेजची ३.०. मॅडमना लिहिलं, काही बदलू नका, नेहमीसारखं इन्स्टॉल करा. त्यांनी जूनमध्ये नव्या तुकडीला करायला लावलं. बत्तीस मशीनांवर २.९.४ आली. कुणालाही काही विचारावं लागलं नाही, असं त्यांनी कळवलं.

२०२५ च्या ऑक्टोबरात ३.९ चीही मुदत संपली आणि ३.१४ आलं. पुन्हा तीच ओळ उघडली आहे. एक आकडा बदलायचा आहे. त्याआधी जुन्या शाखेवर, कपाटातल्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर, ३.८ लावून शून्य ते नव्व्याण्णव सगळा तक्ता छापून घेतला आणि पेन्सिल घेऊन वाचला. अडुसष्ट, एकोणसत्तर, सत्तर. अठ्ठ्याहत्तर, एकोणऐंशी, ऐंशी.